अकरा ते चार

ताराचं पत्र येऊन दोन वर्षं होऊन गेली होती. ते आलं तेव्हा रुपरावनं ओसरीत उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा घडी घातली आणि खुंटीला अडकवलेल्या पंचांगात सरकवून दिलं. पाडव्याला नवं पंचांग आलं, की जुन्यातलं पत्र काढून तो नव्यात ठेवी. त्या पत्राची त्यानं घेतलेली दखल एवढीच.

नरखेडपासून सात मैलांवरच्या त्या गावात रुपरावसारखं वळणदार अक्षर कोणाचं नव्हतं. कोणाला लेकीला, कोणाला व्याह्याला, कोणाला मिलमध्ये लागलेल्या भावाला पत्र धाडायचं असलं, की माणूस रुपरावच्या ओसरीवर येऊन बसे. माणूस अबोल, पण पेन हातात घेतलं की "पत्रास कारण की" पासून पुढचं सगळं आपोआप उतरत जाई. या एका पत्राला मात्र त्याचा हात उचलत नव्हता.

पत्र लहान होतं.

"रुपरावकाकांना ताराचा नमस्कार. मी नागपुरात, नंदनवन वस्तीत मामांकडे आहे. आई बरी आहे. माझी सोयरीक दोनदा ठरून मोडली. दोन्ही वेळा मुलाकडचे म्हणाले, हिचा बाप दारू पिऊन शेतात मेला. मामांनी ठाण्यातून पंचनाम्याची नक्कल काढून आणली. त्यातही तसंच लिहिलं आहे. अक्षर तुमचं आहे. मी लहानपणी पाटीवर तुमचंच अक्षर गिरवलं, म्हणून ओळखलं. आई म्हणते, बाबांनी जन्मात थेंब घेतला नाही. मामा म्हणतात, सरकारी कागद खोटा असतो का? काका, त्या दिवशी माझे बाबा प्यायले होते का? हो की नाही, एवढंच लिहा."

ताराचा बाप कवडू म्हणजे रुपरावच्या घरचा सालदार. वर्षाच्या बोलीवर राहिलेला, पण बारा वर्षांत ती बोली पुन्हा करायची कोणाला आठवण राहिली नव्हती. उंच, खांद्यात थोडा वाकलेला. गुरुवारी मारुतीच्या पारावर खंजिरी घेऊन भजनाला बसे, आणि त्या मंडळीत दारूला शिवलेल्या माणसाला बसू देत नसत. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. रुपरावलाही.

ते साल ऐंशीचं. रुपरावची तीनशे संत्र्यांची बाग. संत्र्याला मृगाचा बहार धरायचा, तर वैशाखात पाणी तोडावं लागतं. झाड तहानेनं कासावीस झालं पाहिजे, पानं वळली पाहिजेत. मग मृगाचं पाणी पडलं, की ते अंगभर फुलून येतं. याला ताण देणं म्हणतात. ताण किती द्यायचा, कधी तोडायचा, हे रुपरावचे वडील नानाजी ठरवीत. त्यांच्या वडिलांनी लावलेली बाग. पंचांग पाहायचं, पान चुरून पाहायचं आणि सांगायचं. त्यांचा शब्द चाळीस वर्षांत चुकलेला नव्हता.

पण त्या वर्षी चैत्रातच ऊन फिरलं होतं. नवतपा म्हणजे रोहिणी लागल्यावरचे नऊ दिवस. तेवढे दिवस भाजायचं आणि मग ढग यायचे, अशी पिढ्यांची समजूत. त्या साली रोहिणी लागायला महिना होता आणि विहिरीवरच्या कडुनिंबाची पानं सकाळी आठलाच मान टाकीत. कावळे चोच उघडी ठेवून बसत.

"नानाजी, शेंडे वाळून राहिले जी," कवडू एका सकाळी म्हणाला. "हा ताण नाही. हा जाळ आहे."

नानाजींनी एक पान तोडून तळहातावर चुरलं. "दम आहे अजून झाडात. रोहिणी लागू दे."

"तवर लाकडंच राहतीन."

"तू मले शिकवतं का गा? माझ्या बापानं लावली ही बाग."

"तुमच्या बापाच्या वक्ती नवतपा नऊ दिवसांचा होता जी. आता महिना झाला, सरूनच नाही राहिला."

नानाजी बाजूला थुंकले. कवडूनं रुपरावकडे पाहिलं. रुपरावलाही दिसत होतं, की शेंडे तपकिरी पडले आहेत, फांदी मोडली तर आतून हिरवी निघत नाही. पण चाळिशी उलटली तरी बापापुढे त्याचा शब्द घशाच्या वर येत नसे. तो खाली वाकून आळ्यातली कोरडी माती चिवडत राहिला.

पाच दिवसांनी पश्चिमेची एक अख्खी ओळ वाळून बसली. नानाजी काठी टेकत तिथवर गेले, एका झाडाच्या बुंध्याला हात लावला आणि झटक्यानं काढून घेतला. "सोडा पाणी," ते म्हणाले. मागे वळूनही पाहिलं नाही.

पाणी सोडायचं तर विहिरीवरची मोटार चालली पाहिजे आणि मोटार चालायची तर लाईन, म्हणजे वीज, आली पाहिजे. आणि लाईन त्या उन्हाळ्यात साडेअकराला येई, साडेतीनला जाई.

वैशाखात अकरा ते चार वावरात पाय ठेवायचा नाही, हा गावचा कायदा होता. उजाडायच्या आत कामाला लागायचं, अकराला सावलीला यायचं, चारनंतर पुन्हा जायचं. औताचे बैलसुद्धा अकराच्या सुमाराला आपण होऊन घराकडे मान वळवीत. हा कायदा कोणी लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडलेलाही नव्हता. तो मोडला लाईननं.

"दुपारचं कसं करावं गा कवडू?" रुपरावनं विचारलं.

"करता काय भाऊ? लाईन म्हणजे मोठ्या घरची सून. तिच्या मनात येईन तेव्हा येईन, आपुन दारात उभं राहाव." कवडूनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला, फावडा खांद्यावर टाकला आणि निघाला.

पहिल्या दिवशी तो परतला तेव्हा टायरच्या चपलेतूनही तळव्याला फोड आले होते. "दांडातलं पाणी इतकं कढत आहे बाई," तो रुपरावच्या बायकोला म्हणाला, "पत्ती टाकली तं चहा होते." गोपिकानं त्याला कैरीचं पन्हं दिलं. तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो हसला नाही. बांधून दिलेली भाकर तशीच परत आणली. चिंचेखाली ओकला, तोंड धुतलं आणि घरी गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको पंचफुला गोठ्यात शेण काढताना गोपिकाला सांगत होती, "रातभर अंगणात नुसते बसून होते वं बाई. डोळ्याले डोळा नाही. भिंतीले हात लावला तं तवा. दिवसा तापते ते तापते, आता रातबी निवत नाही."

रुपराव दाराआड दाढी करत होता. त्यानं ते ऐकलं. आज आपण जाऊ, असं त्यानं मनाशी म्हटलं.

साडेअकराला खांबावरचा दिवा लागला. लाईन आली. कवडू फावडा घ्यायला आला. त्याचे डोळे लाल होते.

"मी येऊ का?" रुपराव म्हणाला.

"कशाले भाऊ? तुमाले नाही सोसायचं."

एवढ्यावर रुपराव बसला. खरं म्हणजे तो उठलाच नव्हता. मग तो ओला दुपट्टा अंगावर घेऊन आतल्या खोलीत पडला आणि शिळा पेपर वाचत राहिला.

दोनच्या सुमाराला कवडू आपल्या पायांनी आला. त्याच्या खांद्यावर फावडा नव्हता, हे रुपरावला आधी दिसलं. हत्यार वावरात टाकून येणारा तो गडी नव्हता. अंगणाच्या मधोमध उभा राहून तो बैलांना शिव्या देत होता. बैल गोठ्यात होते. त्याचे दात वाजत होते.

"थंडी वाजून राहिली भाऊ," तो म्हणाला. "काहीतरी पांघराले द्या."

रुपरावनं त्याचा दंड धरला. कातडी तव्यासारखी कोरडी तापली होती. घामाचा टिपूस नाही. त्याला बाजेवर निजवलं. नानाजींनी कपाळाला हात लावला. त्यांनी आयुष्यात शंभर हिवताप पाहिले होते, दोन स्वतः काढले होते. "हिवताप आहे. पांघरूण घाला. घाम फुटला की उतरते."

"पाणी टाकू का जी अंगावर?" गोपिका रांजणाजवळून म्हणाली.

"येडी झाली का वं? थंडीनं कापून राहिला तो, अन् तू पाणी टाकतं?"

रुपरावनं आतून गोधडी आणली. मग दुसरी आणली. कवडू ती झुगारून देई. रुपराव पुन्हा पांघरी. तीनदा झालं. चौथ्या वेळी तो गोधडीची कड दाबून बाजेवर बसला, म्हणजे निघू नये. पंचफुला धावत आली. सगळे घाम फुटायची वाट पाहत बसले. कवडू गोधडीखाली भजनातली एक ओळ अर्धीच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग तेही थांबलं.

घाम फुटला नाही. चार वाजायला आले होते. सावल्या लांबल्या, माणसं वावरांकडे निघाली आणि रडणं ऐकून ओसरीपाशी थांबली.

पोलीस पाटील मनोहरराव हा रुपरावचा चुलतभाऊ. त्यानं ठाण्यावर माणूस धाडला. संध्याकाळी जमादार सायकलवरून आला तो भाजूनच आला होता. दोन तांबे पाणी प्यायला, ओसरीतल्या दुसऱ्या बाजेवर आडवा झाला आणि म्हणाला, "पाटील, तुमीच लिहून ठेवा. मी सही करतो."

मनोहररावनं रुपरावला बाजूला घेतलं. "अक्षर तुझं चांगलं आहे. लिही. दारूच्या अमलात वावरात पडला अन् मेला."

"तो पीत नव्हता गा मनोहर."

"मले नाही माहीत का? पण ऊन लागून मेला लिहिलं, तं पहिला सवाल येईन, भर दुपारी त्याले कामाले कोणी लावलं? नानाजीचं नाव येईन. तुयं येईन. म्हाताऱ्याले ठाण्यात नेतं का?" आवाज उतरवून तो म्हणाला, "अन् उन्हानं काय माणूस मरते? ऊन का नवं आहे आपल्याकडे? दारू लिहिली की कोणी पुढं विचारत नाही. मेलेल्याले काय फरक पडते?"

पलीकडे नानाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा ओठ लोंबत होता. रुपरावनं पेन उघडलं. वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता त्यानं लिहिलं. पंचफुलाला वाचता येत नव्हतं. अंगठा कुठे टेकायचा ते तिला दाखवलं पाहिजे होतं. रुपरावनं कागदावर बोट ठेवलं. "इथं," तो म्हणाला.

तेराव्यानंतर पंचफुला ताराला घेऊन भावाकडे नागपूरला गेली. बागेतली शंभरावर झाडं वाळली. उरलेल्यांना त्या वर्षी बहार आलाच नाही.

गावानं बरीच वर्षं ऐंशीला "कवडू मेला तो उन्हाळा" म्हटलं. मग तसे उन्हाळे आणखी आले. दर दोन-तीन वर्षांनी एक येऊ लागला, आणि हळूहळू कोणी त्यांना वेगळं नाव देईनासं झालं. अठ्ठ्याऐंशी साली तर होळीची राख निवली नाही तोच झळा सुरू झाल्या. नानाजी आता बाजेवरच असत. पंचांग मागून घेत, डोळ्याजवळ धरीत आणि खाली ठेवीत.

एक दिवस पेपरात कोपऱ्यात बातमी होती. रुपरावनं ती वाचून दाखवली. कोळशाच्या नि तेलाच्या धुरानं साऱ्या पृथ्वीची हवा तापत चालली आहे, असं परदेशातले शास्त्रज्ञ म्हणतात. पुढे उन्हाळे याहून कडक होतील.

नानाजींनी मान रुपरावकडे वळवली. "आपुन कोणता कोळसा जाळला गा?"

"आपुन नाही जाळला."

"मंग आपल्यालेच काहून?"

रुपरावनं आतून कात्री आणली. ती बातमी त्यानं कापून ठेवली, पंचांगात, ताराच्या पत्राशेजारी. चार दिवस त्याला बरं वाटलं. ऊन कोणीतरी दूर बसून तापवलं होतं, त्यात रुपरावचा काय दोष? मग पाचव्या दिवशी गोपिकानं उन्हात घालायला गोधड्या बाहेर काढल्या. त्यांतली एक तीच होती. ऊन कोणीही तापवलेलं असो, तिची कड दाबून आपणच बसलो होतो, हे त्याला दिसलं. त्यानं ती बातमी चुलीत टाकली. पत्र राहिलं.

त्या वैशाखात लाईन बाराला येऊ लागली. दुपारच्या ओलिताला गडी मिळेना. एकानं तोंडावर सांगितलं, "तुमच्या घरचं दुपारचं काम नाही करत मी रुपरावभाऊ. मेल्यावर बेवडा लिहिता तुमी." चारचौघांत, पारावर. माणसं हसली. रुपरावही कसंनुसं हसला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः जाऊ लागला. वय एकावन्न. या वेळी नानाजींना न विचारताच त्यानं ताण तोडला होता. नानाजीही काही म्हणाले नव्हते.

तिसऱ्या दुपारी सहाव्या ओळीत पाणी फिरवताना फावडा एकदम जड झाला. आळ्याचा काठ फुटून पाणी भलतीकडे जात होतं. ते दिसत होतं, पण हात हलत नव्हता. झाडांच्या ओळी पाण्यातल्या सावलीसारख्या हलत होत्या. कपाळावरून सारखा डोळ्यांत उतरणारा घाम आता उतरत नव्हता. त्यानं मानेवर हात फिरवला. मान कोरडी होती. मग त्याच्या पाठीतून शिरशिरी गेली आणि त्याला थंडी वाजली.

हीच ती कवडूची थंडी, त्याला कळलं.

घरापर्यंत तो कसा आला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. फावडा वावरातच राहिला होता. अंगणात आला तेव्हा दात वाजत होते. आतून नानाजींचा आवाज आला, "हिवताप भरला त्याले. गोधडी दे वं!" गोपिका गोधडी घेऊन धावली.

"नको," रुपराव म्हणाला. जीभ टाळूला चिकटत होती. "पाणी टाक. अंगावर."

गोपिका क्षणभर थबकली. मग तिनं गोधडी जमिनीवर फेकली आणि रांजणच ओढत आणला. तांब्यावर तांबे. डोक्यावर, छातीवर, मांड्यांवर. मग सुपानं वारा घालत राहिली. अर्ध्या तासानं त्याच्या काखेत ओल आली. ती पाण्याची नव्हती. गोपिकानं हात लावून पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

दोन दिवस तो बाजेवर पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला ताक देताना गोपिका म्हणाली, "मीनं तेव्हाच म्हटलं होतं जी. पाणी टाकू का म्हणून."

आठ वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही. भांडं घेऊन आत गेली. पलीकडच्या बाजेवर नानाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं.

रुपरावनं पंचांग काढलं. पत्र काढलं. कागद घेऊन बसला. "चिरंजीव तारास अनेक आशीर्वाद," असं लिहिलं आणि फाडलं. कोणत्या तोंडानं आशीर्वाद द्यायचा? दुसऱ्या कागदावर "पत्रास कारण की" लिहिलं. तोही फाडला. गावभरच्या पत्रांतली एकही ओळ इथे चालत नव्हती. तिसऱ्यावर त्यानं लिहिलं,

"तारा, नाही. तुझे बाबा प्यायले नव्हते. ते कधीच पीत नव्हते. आमच्या बागेला पाणी देताना दुपारी त्यांना ऊन लागलं. लागोपाठ तीन दिवस आम्ही त्यांना अकरा ते चारमध्ये पाठवलं. मी घरात पडून होतो. ते थंडीनं कापत आले, आम्ही हिवताप समजलो. मी त्यांच्या अंगावर दोन गोधड्या घातल्या आणि ते काढत होते तरी काढू दिल्या नाहीत. पाणी टाकलं असतं तर कदाचित वाचले असते. पंचनामा खोटा आहे. तो मी लिहिला. तुझ्या आईचा अंगठा मी घेतला. हे पत्र कोणालाही दाखवावं. ठाण्यातही दाखवावं."

अक्षर वाकडं आलं होतं, दोन ठिकाणी खोडलेलं होतं. त्यानं ते पुन्हा उतरवून काढलं नाही. खाली पूर्ण नाव, गाव, तारीख घातली. तारा अजून मामांकडेच असेल का, तिचं कुठे जमलं असेल का, की आता या कागदाचा तिला काही उपयोगच उरला नसेल, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पाकिटावर तोच पत्ता घातला.

गावातली टपालपेटी मनोहररावच्या ओसरीच्या खांबाला होती. दोन वर्षांत उत्तर न लिहिण्याचं हेही एक कारण त्यानं स्वतःला दिलं होतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो निघाला तेव्हा दोन वाजले होते. गल्लीत कुत्रं नव्हतं.

मनोहरराव ओसरीवर पंखा हलवीत पडला होता. उठून बसला. "अबे, मरणाच्या दारातून उठून आला ना तू? कोणाले आहे पत्र?"

"कवडूच्या पोरीले."

पंखा थांबला. "काय लिहिलं?"

"तिनं विचारलं होतं ते."

"आन इकडं."

रुपराव हलला नाही. मनोहररावनं हात पुढे केलेला तसाच ठेवला. "येडा झाला का गा? सरकारी कागद आहे तो. तू अडकशीन, मी अडकीन. आठ वर्षं झाली. मेलेला परत येते का?"

"नाही येत," रुपराव म्हणाला. "तूच म्हटलं होतं, मेलेल्याले काय फरक पडते. त्याले नाही पडला."

त्यानं पेटीच्या तोंडाशी हात नेला. लाल पत्रा असा तापला होता, की बोटांना चटका बसला. हात मागे घ्यावा असं बोटांना वाटलं. त्यानं घेतला नाही. पाकीट आत सोडलं. पेटी रिकामी असावी, तळाशी पडल्याचा आवाज आला.

मनोहररावनं पुढे केलेला हात मागे घेतला. मग काही सुचेना तेव्हा माणूस जे तोंडी येईल ते बोलतो, तसं म्हणाला, "बस, पाणी पी. एवढ्या उन्हात काहून निघाला? चार वाजू द्यायचे होते."

रुपरावनं भाजलेली बोटं दुपट्ट्यात गुंडाळली. "हे तेव्हा कवडूले म्हणायले पाहिजे होतं," तो म्हणाला, आणि पायरी उतरून उन्हात गेला.